पॅनेलमधलं कुंकू

माझ्या त्या अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो. टाइप केलेलं दीड पान, खाली माझी सही. त्या दीड पानामुळे एक माणूस असं समजत राहिला की आपल्या उजव्या हाताची बोटं आपल्याच भक्तीपायी गेली. ती माझ्या चुकीने गेली होती.

ज्या कामात मी आयुष्य काढलं त्याला आता एम्बेडेड सिस्टिम म्हणतात. तेव्हा नाशकात हा शब्द मी ऐकलेला नव्हता. आम्ही नुसतं ‘कार्ड’ म्हणायचो. यंत्राच्या पोटात बसवलेला छोटासा संगणक. त्याला पडदा नाही, टाइप करायला बटनं नाहीत. नेमून दिलेलं एक काम तो करत राहतो आणि तो तिथे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आज तो धुण्याच्या मशीनमध्ये आहे, मिक्सरमध्ये आहे, दवाखान्यातल्या सलाइनच्या पंपात आहे. लिफ्टचं बटन दाबताना आपण कुठल्या तरी अनोळखी माणसाने लिहिलेल्या ओळींच्या भरवशावर आपलं अंग टाकतो. लिफ्टमध्ये शिरताना मला अजून त्या माणसाचा विचार येतो. त्या दिवशी त्याला घाई होती का, कोणी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं का, असा.

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा घेऊन मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये नोकरीला लागलो. आमच्याकडे कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनायची. माणसं तीन. मालक, मी आणि पन्नाशीचे एक वायरमन. त्यांना मालकासकट सगळे मामा म्हणायचे. मामा शाळा सातवीपर्यंत शिकले होते आणि त्यांनी बांधलेल्या तारा शाळेतल्या कवायतीसारख्या रांगेत उभ्या राहायच्या.

माझं काम नवीन होतं. रिलेंनी, म्हणजे विजेवर चालणाऱ्या खटक्यांनी, भरलेल्या जुन्या पॅनेलांच्या जागी मायक्रोप्रोसेसरचं कार्ड बसवायचं. तेव्हा प्रोग्रॅम लिहायचा म्हणजे रेघांच्या वहीत पेन्सिलीने लिहायचा. एक आज्ञा, तिच्या शेजारी तिचा आकडा, मग खालची आज्ञा. ते आकडे एकेक करून चिपमध्ये भरायचे. चुकलं की चिप एका जांभळ्या दिव्याच्या पेटीत वीसेक मिनिटं ठेवायची. ती कोरी व्हायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तेवढ्या वेळात मी टपरीवर चहा पिऊन यायचो.

पहिलं कार्ड चाललं त्या दिवशी मी ते रुमालात गुंडाळून घरी नेलं. आईने देव्हाऱ्यापुढे ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं.

वडील म्हणाले, “हे नक्की करतं काय?”

“विचार करतं,” मी म्हणालो.

चोवीस वर्षांचा होतो.

एका कारखान्याच्या प्रेस शॉपमधलं काम आम्हाला मिळालं. पत्र्याचे भाग ठोकून काढणारे पॉवर प्रेस होते. कामगार पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवतो, वरचा ठोकळा धाडकन खाली येतो, पत्र्याला आकार येतो, ठोकळा वर जातो, भाग काढायचा, दुसरा पत्रा ठेवायचा. दिवसभर तेच. ठोकळा खाली येताना हात डायमध्ये असू नयेत म्हणून अशा प्रेसला दोन बटनं असतात, एक डाव्या बाजूला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा हलतो. दोन्ही हात बटनांवर म्हणजे डायमध्ये कोणाचा हात नाही. साधी युक्ती आहे.

कामगारांनी त्यावरही युक्ती काढली होती. एका बटनात आगपेटीची काडी खुपसायची. बटन दाबलेलंच राहतं, एक हात मोकळा होतो, काम लवकर उरकतं. जुन्या पॅनेलला हे कळायचं नाही. माझ्या कार्डाला कळणार होतं. दर ठोक्यानंतर दोन्ही बटनं सुटली की नाही हे ते तपासणार होतं.

पहिलं पॅनेल बसवलं तेव्हा त्या प्रेसवरचा ऑपरेटर माझ्या शेजारी उभा होता. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. इगतपुरीकडच्या एका भातशेतीच्या गावातून आलेला, बायकोसह अंबड गावात खोली घेऊन राहणारा. मी सगळ्यांसमोर बटनात काडी खुपसली आणि दुसरं बटन दाबलं. प्रेस हलला नाही.

“घ्या! काडी बी गेली आन् बिडी बी गेली,” मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

ऑपरेटर वाकून पॅनेलच्या आत बघत होता. “साहेब, ह्यो मेंदू म्हनायचा का?”

“तसंच समजा.”

“मंग ह्याला हजेरी लावाया लागंल. कँटीनचं कूपन बी द्या.” आणि मागच्यांकडे वळून, “फोरमनपरीस बरा हाय. वरडत नाय.”

त्या दिवशी मी सायकलवरून घरी जाताना गाणं म्हणत होतो.

आता जे सांगायचं आहे ते मी टाळू शकत नाही. पॅनेल बांधत असताना मामांनी मला अडवलं होतं. जुन्या पॅनेलमध्ये क्लचच्या कॉइलला जाणारी तार दोन्ही बटनांतून फिरून जायची. या कॉइलला करंट मिळाला की ठोकळा खाली येतो. म्हणजे बाकी काहीही बिघडो, दोन्ही बटनांवर बोटं असल्याशिवाय करंट पुढे जाऊच शकत नव्हता. मी काढलेल्या वायरिंगच्या नकाशात ती तार नव्हती. बटनं कार्डाला जात होती आणि कार्ड कॉइलला हुकूम देत होतं.

मामा नकाशा घेऊन माझ्या टेबलाशी आले. “ही तार राहिली बघ.”

“राहिली नाही मामा, काढली. आता कार्ड ठरवतं.”

“कार्ड चुकलं तर?”

“कार्ड चुकत नाही.”

“आमची बायको पण असंच म्हणते,” मामा म्हणाले. “स्वतःबद्दल.” मग हसू आवरून म्हणाले, “दोन वीत तार आहे रे. तार माझी, पक्कड माझी, मेहनत माझी. राहू दे की.”

मी राहू दिली नाही. कारण लिहायची लाज वाटते. ती तार राहिली असती तर काडीचा प्रश्न सोडून बाकीचं काम तिनेच केलं असतं, मग माझं कार्ड थोडं बिनकामाचं दिसलं असतं. मामांना मी म्हणालो, “लोक म्हणतील जुनंच पॅनेल रंग देऊन विकलं.” मालक माझ्या बाजूने बोलले. मामांनी नकाशा घडी घालून खिशात ठेवला आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. शेडमध्ये चाचणी घेताना मी कॉइलच्या जागी एक छोटा दिवा जोडला होता. दिवा लागला म्हणजे ठोकळा खाली आला असं समजायचं. एका दुपारी शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग सुरू झालं आणि कोणी बटनाला हात लावलेला नसताना माझा दिवा लागला. लागून राहिला. मोठं यंत्र चालू-बंद होताना विजेच्या तारांत जो झटका येतो, त्याने प्रोसेसर भरकटला होता. मी रिसेटचं बटन दाबलं. दिवा विझला. पुन्हा तसं झालं नाही. मी रोज वहीत सगळं लिहायचो, पण हे लिहिलं नाही.

कारखान्यातही पहिल्या महिन्यात दोनदा कार्ड अडकलं. प्रेस चालेना म्हणून मला निरोप आला. सायकल मारत गेलो, रिसेट दाबलं, चालू झालं. दुसऱ्या वेळी ऑपरेटर म्हणाला, “साहेब, ह्याला जागं कराया तुम्ही एवढ्या लांबून येता. मला दावा की कुठं चिमटा काढायचा.” मी त्याला आतलं लाल बटन दाखवलं आणि पॅनेलची एक चावी देऊन टाकली. कोणाला विचारलं नाही, कुठे नोंद केली नाही. माझी फेरी वाचली याचा आनंद झाला.

खंडेनवमी आली. नाशकात ज्याच्या हातात हत्यार आहे त्याच्याकडे ती असतेच. लोहाराचा हातोडा, न्हाव्याचा वस्तरा, कारखान्यातली मशीनं. आमच्या शेडमध्येही आम्ही सोल्डरिंग आयर्नला हार घातला आणि जांभळ्या दिव्याच्या पेटीवर मी माझ्या हाताने स्वस्तिक काढलं. तिकडे प्रेस शॉपमध्ये मशीनं धुऊन पुसून, झेंडूचे हार घालून, नारळ फोडून पूजा झाली. माझ्या ऑपरेटरने चावीने पॅनेल उघडलं आणि आतल्या कार्डालाही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, एक फूल ठेवलं. सगळ्या प्रेसला हार आणि मेंदू उपाशी, हे त्याला बरं वाटलं नसावं. आईने केलं होतं तेच त्याने केलं.

दिवाळी होऊन पंधराएक दिवस झाले असतील. सकाळची पाळी होती. त्याने पत्रा डायवर ठेवला, तो जरा तिरका बसला म्हणून उजव्या हाताने सरळ करायला गेला, आणि ठोकळा आपोआप खाली आला. डावा हात तर बटनाच्या जवळपासही नव्हता. चार बोटं गेली. अंगठा राहिला.

तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. फोरमन आणि कारखान्याचे पर्सोनेल ऑफिसर यांच्यासमोर मी पॅनेल उघडलं. कार्डावर कुंकवाचे दोन डाग, हळदीची रेघ, तांदळाचे दाणे, एक वाळलेली झेंडूची पाकळी. फोरमनने माझ्या खांद्यावरून बघितलं.

“हे काय? पॅनेलमध्ये कुंकू?”

ऑफिसर म्हणाले, “यानं शॉर्ट होऊ शकतं का?”

“होऊ शकतं,” मी म्हणालो. कुंकवात दमट हवेचं पाणी शिरलं की त्यातून थोडा करंट गळू शकतो, हे खरंच आहे. विचारलेल्या प्रश्नाचं मी बरोबर उत्तर दिलं होतं.

कार्ड तपासायला म्हणून मी शेडमध्ये आणलं. पुढच्या रविवारी दुपारी मी आणि मामा बसलो. मालक नव्हते. मी मऊ ब्रशने आणि स्पिरिटने कार्ड स्वच्छ धुतलं, कुंकवाचा कणही ठेवला नाही. कॉइलच्या जागी दिवा जोडला. कार्डाला वीज येत होती त्याच स्विचबोर्डवर मामांनी मोठं ड्रिल मशीन लावलं आणि ते चालू-बंद, चालू-बंद करत राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग दिवा लागला.

मामांनी ड्रिल खाली ठेवलं. बटनं टेबलावर होती, आमच्या दोघांच्याही हातांपासून लांब. दिवा जळत होता.

“अजून एकदा?” मी म्हणालो.

“कशाला? तुला दिसलं नाही का?”

मामा उठले, हात धुतले, डबा पिशवीत टाकला. दारातून म्हणाले, “लिहिशील ते नीट लिही.”

सोमवारी मी मालकांना सांगितलं. वाईट माणूस नव्हता. ते म्हणाले, “पॅनेलमध्ये कुंकू होतं ना? होतं की नव्हतं?”

“होतं.”

“मग तेवढं लिही. जे नव्हतं ते लिहू नकोस, जे होतं ते लिही. बाकीच्या पॅनेलांत ती मामांची तार टाकून घे. गुपचूप. सर्व्हिसिंगला आलोय म्हणून सांग.”

मी लिहिलं. इंग्रजीत. पॅनेल उघडलं असता कार्डावर कुंकू, हळद व तांदूळ आढळले. असे पदार्थ हवेतील ओलावा शोषतात. त्यामुळे शेजारच्या दोन मार्गांत विद्युत गळती होऊ शकते व अनपेक्षित क्रिया घडू शकते. पॅनेल अधिकृत व्यक्तीखेरीज कोणीही उघडू नये. अशी चौदा-पंधरा वाक्यं. रविवारच्या दिव्याबद्दल एकही नाही. मालकांना दोष देऊन मला सुटता येणार नाही. रविवारचा दिवा लिहू नकोस असं त्यांनी मला सांगितलं नव्हतं. ते मी स्वतः ठरवलं.

चौकशीला मला बसवून घेतलं. ऑपरेटर समोरच्या खुर्चीत होता, हाताला पांढरं गाठोडं, ते दुसऱ्या हाताने छातीशी धरलेलं. शेजारी युनियनचा एक माणूस. माझा अहवाल वाचून झाला, मग ऑफिसरांनी मराठीत विचारलं, “पॅनेल तू उघडलंस?”

“व्हय साहेब. खंडेनवमीला. पूजा केली.”

“चावी कुठून आणलीस?”

त्याने माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मी समोरच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होतो, त्या काचेखाली देवाचं कॅलेंडर होतं.

“व्हती माझ्याकडं,” तो म्हणाला.

“म्हणजे चोरलीस?”

“चोरली नाय. व्हती.”

युनियनचा माणूस काहीतरी बोलला. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की तोंड उघडायला वेळ होता. घशाशी शब्द आले होते वगैरे काही नाही. मी गप्प बसायचं ठरवून आलो होतो आणि गप्प बसलो.

परवानगीविना पॅनेल उघडल्याबद्दल आणि निष्काळजीपणाबद्दल त्याला कामावरून काढलं. त्याला हलकं काम द्या, स्टोअरमध्ये बसवा, असं युनियनने मागितलं होतं. अहवालामुळे ते मिळालं नाही. प्रेस शॉपमध्ये पाटी लागली: पॅनेलच्या आत पूजा करू नये. पुढच्या दोन आठवड्यांत मी आणि मामा एकेक प्रेस थांबवून आत दोन वीत तार टाकत गेलो. मामा काम करताना माझ्याशी फक्त ‘धर’ आणि ‘सोड’ एवढंच बोलले. त्यानंतर तिथे कोणाला इजा झाली नाही. ही मात्र माझी फुशारकी नव्हे. उपाय काय हे मला किती नीट माहीत होतं, याचा तो पुरावा आहे.

दोन वर्षं गेली. मी शेड सोडून मोठ्या कंपनीत लागलो, डिझाइन विभागात. दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकाळी आमच्या विभागासाठी फुलं आणायला मी बाजारात गेलो होतो. झेंडूच्या ढिगामागून हाक आली.

“साहेब! वळखलं का?”

तो होता. अंबड गावाबाहेरच्या एका फुलांच्या मळ्यात नवरा-बायको कामाला होते, मळेवाल्याची फुलं विकायला बसले होते. बायको हार ओवत होती. तो डाव्या हाताने तराजू धरत होता आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि तळव्याने फुलं आत ढकलत होता.

“पूजंला ना? घ्या, ताजा माल हाय,” तो म्हणाला. मग पुढे वाकून, हळू आवाजात, “एक ऐका माझं. कार्डाला लावू नका. भायेरनं हार घाला, नारळ फोडा, पर आत कुंकू नाय. हितं जो कोन कंपनीवाला येतो त्याला मी सांगतो.”

“गिऱ्हाईक हसतंय ह्यांना,” बायको मान वर न करता म्हणाली. “फुलं द्या, न्हाय तर चाललो म्हनत्यात.”

“हसंना. एकाचा जरी हात वाचला तरी लय झालं.”

मी त्याला टपरीवर चहाला चला म्हणालो. तिथे बाकावर बसून सांगितलं. सगळं नीट, क्रमाने, जसं वर लिहिलं आहे तसं. तो ऐकत होता. चहावर साय धरली.

“म्हंजी कुंकवानं नाय झालं?”

“नाही. कुंकू धुऊन टाकल्यावरही दिवा लागला.”

“मंग ती तार असती तर?”

“तर नसतं झालं.”

“केवढी तार?”

“दोन वीत.”

त्याने डाव्या हाताने बाकावर वीत घातली, अंगठा उचलून पुढे ठेवला, दुसरी वीत घातली. तेवढ्या लाकडाकडे बघत राहिला. मला वाटलं होतं तो मारेल. मारावं असंही वाटत होतं.

मी विचारलं, “चावी मी दिली होती हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलं?”

“मला वाटलं तुमी सांगाल. म्हनून थांबलो.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “माझ्या बापाला सांगा हे. तुमी सोता. गावात कुनाच्या हातनं काय मोडलं का माझं नाव घेत्यात. ह्याच्यावानी करू नको म्हनत्यात. बाप तर बोलतच नाय धड. देवाची वस्तू यंत्राच्या पोटात कोंबली म्हनतो.”

मी येतो म्हणालो, आणि गेलो. भातकापणी चालू असताना, एका रविवारी, एसटीने. तो फाट्यावर घ्यायला आला होता. खळ्यावर भाताच्या पेंढ्या झोडपायचं काम चाललं होतं, म्हातारा एका बाजूला पोत्यावर बसला होता. शेजारी थोरला भाऊ आणि दोन शेजारी. माझ्यासाठी घोंगडी अंथरली. मी सांगायला सुरुवात केली. कार्ड, तार, दिवा, अहवाल. शक्य तितकं सोपं करून. शेवटी म्हणालो, “बाबा, तुमच्या मुलाची काही चूक नाही. चूक माझी आहे. मी खोटं वागलो.”

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग थोरल्याला म्हणाला, “बघ. ह्याला म्हनत्यात मोठ्या घरचं मानूस.”

“बाबा, मी खरं सांगतोय.”

“व्हय की. खरंच.” त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला. “पोराचं नाव जाऊ नाय म्हनून सोताच्या अंगावर घेतलंस. एवढ्या लांबून आलास. आजकाल कोन करतं?”

मी पुन्हा सांगितलं. आवाज चढवून सांगितलं. थोरला भाऊ मान हलवत होता, दोन शेजारी एकमेकांकडे बघून हसत होते, चांगल्या मनाने. एक जण म्हणाला, “शिकलेलं मानूस असंच बोलतंय, आपल्याला वाईट वाटू नाय म्हनून.” जितका मी स्वतःला दोष देत गेलो तितका मी त्यांच्या नजरेत चांगला होत गेलो. म्हाताऱ्याने नव्या तांदळाचं गाठोडं बांधायला लावलं. मी नको म्हटलं तर त्याला राग आला.

तो मला फाट्यापर्यंत सोडायला निघाला. गाठोडं माझ्या हातात होतं.

“झालं,” तो म्हणाला. “तुमी सांगितलं. त्यांनी नाय ऐकलं. तुमचा काय इलाज?”

“माफ करा.”

“माफीचं ऱ्हाऊ द्या साहेब. कागद द्या.”

“कसला कागद?”

“मघा बोलला तेच. लिवून, सही करून. तिकडं तुमचा कागद हाय ना कंपनीत, सहीचा? मंग हिकडं बी एक ऱ्हाऊ दे. बोललेलं ह्यांना पटत नाय, कागद पटतो. आन् मी युनियनवाल्याला बी दावीन. बगू काय हुतंय का.”

एसटी आली. मी वर चढलो आणि खिडकीतून म्हणालो, “पाठवतो.”

त्याच आठवड्यात मी लिहायला बसलो. मराठीत. या वेळी वाक्यं छोटी होती आणि त्यांत ‘होऊ शकते’ कुठेच नव्हतं. तार मी काढली. दिवा लागलेला मी आधी पाहिला होता. चावी मी दिली होती. अहवालात हे मी लपवलं. सातव्या-आठव्या ओळीला सहीची जागा आली. हा कागद युनियनकडे जाईल, तिथून त्या कारखान्यात, आणि अंबडसारख्या ठिकाणी तिथून माझ्या नव्या कंपनीत यायला किती वेळ लागतो, हे मी मनात मोजलं. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मी पेनाला टोपण लावलं. उद्या करू म्हणालो.

दर काही दिवसांनी तो कागद काढायचो आणि ठेवायचो. मग काढायचाही थांबलो. फुलं मी दुसऱ्या बाजारातून घ्यायला लागलो. अंबड गावावरून जाण्याचा रस्ता टाळण्यासाठी लांबचा फेरा घ्यायचो, आणि कोणी विचारलं तर इकडे रहदारी कमी असते असं सांगायचो. त्याचा ना निरोप आला, ना तो कधी कंपनीच्या दारात येऊन उभा राहिला. तो थांबला असणार. चौकशीच्या दिवशी थांबला होता तसाच.

पुढे मी पुष्कळ कार्डं केली. चांगली केली असं लोक म्हणतात. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगायचो की माणसाचा हात जिथे जातो तिथे प्रोग्रॅमवर विसंबायचं नाही, एक तार वेगळी ठेवायची. त्यांना वाटायचं हे मी कुठल्या तरी पुस्तकात वाचलं असेल. मीही तसंच वाटू दिलं.

आता एवढं सगळं लिहून झाल्यावर पुन्हा पानं चाळून पाहतो, तर यात कुठेच त्याचं नाव नाही, कारखान्याचं नाही, माझंही नाही. हे वाचून त्याच्या गावातला कोणीही माणूस त्याच्याबद्दलचं मत बदलणार नाही. त्याने मागितला होता तो कागद सहीचा होता. हा तो नव्हे.